पुसलेली सीमा आणि समीक्षेचे सौजन्य

२०१५ साली व्हेनिसच्या ५६व्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनाच्या निमित्ताने तेथील पलाझ्झो बेंझोनमध्ये ‘माय ईस्ट इज युवर वेस्ट’ हे मुंबईच्या शिल्पा गुप्ता आणि लाहोरचे रशीद राणा या दोन कलावंतांचे प्रदर्शन भरले. त्या वर्षी भारत वा पाकिस्तान यांपैकी कोणाचेही राष्ट्रीय दालन तेथे नव्हते. गुजराल फाउंडेशनने दोघांना एकत्र आणले. गुप्ता यांच्या मांडणीत भारत-बांगलादेश सीमेवरील कुंपणाच्या लांबीशी प्रमाण राखून विणलेले हातमागाचे कापड होते. राणा यांनी व्हेनिसमधील खोलीची प्रतिकृती लाहोरच्या बाजारात उभारून दोन्हीकडच्या माणसांना थेट प्रक्षेपणाद्वारे समोरासमोर आणले.

‘कलेला सीमा नसतात’ हे अशा प्रदर्शनाचे ठरीव स्वागत म्हणजे समीक्षा नव्हे. ते सौजन्य आहे. गुप्ता यांचे कापड नेमके उलट सांगते. सीमेला लांबी असते, तिच्यामागे श्रम असतात आणि तिच्या आधाराने व आडोशाने माणसे जगत असतात. तिला केवळ ‘कृत्रिम रेषा’ म्हणणारा वाचक हे जगणेच नाकारतो.

मराठी समीक्षकाला याची प्रचिती घेण्यासाठी व्हेनिसला जावे लागत नाही. लातूरजवळचे मुरुड निजामाच्या राज्यात होते, तर बार्शी ब्रिटिश मुलखात. १९११ साली लातूरपर्यंत पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे ही सीमा ओलांडून धावे. १९४७-४८मध्ये रझाकारांच्या अत्याचारांतून सुटू पाहणाऱ्यांसाठी हीच सीमा आश्रयाची खूण ठरली. सप्टेंबर १९४८मध्ये ती व्यवहारात पुसली गेली. त्यानंतर सलोखा आपोआप अवतरला काय? पंडित सुंदरलाल समितीने पोलीस कारवाईदरम्यान व नंतर संस्थानात बळी पडलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तिने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून नोंदवलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होता आणि लातूर ज्यात तेव्हा मोडत असे तो उस्मानाबादही होता. हा अहवाल कित्येक दशके दडून राहिला. मुक्तिसंग्रामाचा रास्त गौरव करणाऱ्या मराठी वाङ्मयविचाराने या मौनाची पुरेशी चिकित्सा केलेली नाही.

फाळणीशी ही तुलना अतिव्याप्त आहे, असा आक्षेप येईल. दोन घटना एकरूप नाहीत, हे मान्यच आहे. परंतु येथे प्रश्न साम्याचा नसून पाहण्याच्या स्थानाचा आहे. देशीवादी अशा कलाकृतीला परकी म्हणून वगळतो, विश्ववादी ती आपली म्हणून मिरवतो. परंतु ज्या भूमीवरून आपण पाहतो तिचा हिशेब दोघेही मांडत नाहीत. परिणामी समीक्षेची भाषा मराठी राहते आणि दृष्टी मात्र प्रदर्शनाच्या सूचिपत्रातून उसनी येते.

सीमा पुसली गेल्याने हिंसा पुसली जात नाही, हे मराठवाड्याच्या इतिहासाने सांगितलेले कटू सत्य आहे. राणांच्या त्या दोन खोल्यांत माणसे एकमेकांना दिसतात, पण एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत. या अंतराचा अर्थ लावण्याची सामग्री ज्या समीक्षेच्या घरातच आहे, तिने सौजन्याच्या चार शब्दांवर समाधान मानणे हा बौद्धिक आळस आहे.