काचेपलीकडचा समुद्र
मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि सागरी जीव सामान्य कामगाराच्या मुलांनाही पाहता येऊ लागले. या सरकारी संस्थेचे ते श्रेय नाकारता येणार नाही. परंतु समुद्र पाहावयास काच लागतेच असे नाही. हाजीअली व वरळीच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी समुद्रफुले, शंखात राहणारे खेकडे, प्रवाळ फुकट दिसतात. वरळीच्या कोळणी त्याच खडकांवरची कालवे काढीत आल्या आहेत. कोणत्या तिथीला कोणता खडक उघडा पडतो हे त्यांना पाटी न वाचता कळते. पदवी नाही म्हणून ते ज्ञान गणले जात नाही, एवढेच!

याच किनाऱ्यावर सागरी मार्गासाठी सुमारे १११ हेक्टर भराव पडला. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी रद्द केली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. २०२० मध्ये वाटेतले प्रवाळ उचलून अन्यत्र लावण्यात आले. कालवे काढणाऱ्या बाईचा खडक कोठे हलविणार? शासनाने नवे मत्स्यालय खुशाल बांधावे. परंतु आधी उरलेल्या खडकांवरील कोळीवाड्यांचा हक्क कागदोपत्री नोंदवावा, आणि शाळांतील मुलांना ओहोटीला तेथे नेण्याचे काम कोळणींनाच, रीतसर मानधन देऊन, सोपवावे.