सृष्टी दाखवावी की समजावून सांगावी?

ख्रिस्ती घरांतून मुलांना निसर्ग कसा शिकवावा, या प्रश्नाची चर्चा बहुधा एकाच जागी येऊन अडते : 'उत्पत्ती'च्या पुस्तकातले सहा दिवस खरे मानायचे, की डार्विन? अमेरिकेतल्या गृहशिक्षणाच्या चळवळीत तर पाठ्यपुस्तकांची निवडसुद्धा पुष्कळदा याच मुद्द्यावर होते. मला हा वाद दुय्यम वाटतो. मूल सृष्टीबद्दल कोणत्या निष्कर्षाला येते, यापेक्षा निष्कर्षाआधी त्याला पाहू दिले जाते की नाही, हा खरा प्रश्न आहे. तो केवळ ख्रिस्ती घरांचाही नाही. कविता शिकवणाऱ्या आपणा सर्वांचा आहे. त्यासाठी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधली दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, असे सुचवावेसे वाटते.

पहिले उदाहरण साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. एडमंड गॉस यांनी 'फादर अँड सन' (१९०७) या आत्मकथनात आपल्या बालपणाची हकीकत सांगितली आहे. वडील फिलिप हेन्री गॉस (१८१०–१८८८) हे सागरी जीवांचे नामवंत अभ्यासक आणि त्याच वेळी 'प्लिमथ ब्रदरन' या कडव्या पंथाचे निष्ठावान अनुयायी. काचेच्या टाकीत समुद्रजीव पाळण्याचा छंद इंग्लंडभर पसरला, तो मोठ्या प्रमाणात त्यांच्या पुस्तकांमुळे. आई एमिली यांना कल्पित कथा सांगणे हे पाप वाटे. त्यामुळे घरात परीकथेला थारा नव्हता. १८५७ साली आई कर्करोगाने गेल्या आणि बापलेक डेव्हनच्या किनाऱ्यालगत राहायला आले. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांवर ओणवे होऊन समुद्रपुष्पे न्याहाळणे, ही या मुलाची शाळा. वडिलांच्या ग्रंथांबरहुकूम तोही सचित्र टिपणे करू लागला. पण त्यांत त्याने स्वतःच्या मनाने रचलेले जीव रंगवले, आणि तेही इतके खऱ्यासारखे की वडील अस्वस्थ झाले. ज्या घरात कथेला मज्जाव होता, त्या घरात कल्पनाशक्तीने प्राणिशास्त्राच्या वहीतून वाट काढली!

थोरल्या गॉस यांच्या दृष्टीत उणेपणा नव्हता. उलट इतके बारकाईने पाहणारा माणूस विरळाच. अडचण अशी, की त्यांच्या पाहण्याला शेवटी कुठे पोहोचायचे हे आधीच ठरलेले होते. १८५७ मध्येच त्यांनी 'ऑम्फलॉस' हा ग्रंथ लिहिला. आदामाला आई नसतानाही देवाने त्याला बेंबीसह घडवले असणार. त्याचप्रमाणे वृक्षांतली वर्तुळे, खडकांतले जीवाश्म, हा सारा न घडलेला भूतकाळ देवाने एकाच क्षणी निर्माण केला, असा त्यातला युक्तिवाद आहे. शास्त्रज्ञांनी तो हसण्यावारी नेला हे समजण्यासारखे आहे. पण चार्ल्स किंग्जली यांच्यासारख्या ख्रिस्ती धर्मोपदेशकालाही तो रुचला नाही. देवाने खडकांवर असत्य कोरून ठेवले असे मानणे त्यांना अशक्य वाटले. म्हणजे देवाच्या बाजूने केलेल्या वकिलीत देवाच्याच सचोटीवर डाग आला.

मुलाच्या बाबतीत काय झाले? सहाएक वर्षांचा असताना, लंडनच्या घरी, त्याने एक प्रयोग केला. मूर्तिपूजेने देवाचा कोप ओढवतो असे वडिलांनी सांगितले होते. तेव्हा त्याने टेबलावर एक लाकडी खुर्ची ठेवली, तिचीच प्रार्थना केली, आणि आता काय होते याची वाट पाहिली. काहीच झाले नाही. या अनुभवाने आपला देवावरचा विश्वास उडाला असे एडमंड म्हणत नाहीत. उडाला तो वडिलांना देवाचे मन पुरते ठाऊक आहे यावरचा विश्वास. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलाला निरीक्षण शिकवले, ते मूल शिकवणाऱ्याचेही निरीक्षण करणारच. प्रत्येक शिंपल्यामागे देवाचा हेतू काय हे जो बाप खात्रीने सांगतो, तो आपली श्रद्धा त्या खात्रीलाच गहाण टाकत असतो.

दुसरे उदाहरण शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांचे. याही श्रद्धावंत ख्रिस्ती. 'होम एज्युकेशन' हे त्यांचे पुस्तक १८८६ साली निघाले आणि आजही अनेक देशांतले गृहशिक्षण करणारे पालक ते वापरतात. लहान मुलांनी दिवसाचे कित्येक तास उघड्यावर घालवावेत, पाहिलेल्या पानाफुलांची आणि पाखरांची नोंदवही ठेवावी, पाहून आल्यावर काय पाहिले ते आपल्या शब्दांत सांगावे, हा त्यांचा आग्रह. पण त्यांची सर्वांत मोलाची सूचना मुलांसाठी नसून आईसाठी आहे. सृष्टिसौंदर्याकडे मुलाचे लक्ष वेधायचेच असेल, तर ते आठवड्यातून किंवा महिन्यातून एखाद्याच वेळी, आणि उपदेशापेक्षा मुद्रेवरच्या आनंदाने वेधावे. एखादे फूल ही देवाची सुंदर कल्पना आहे असे सांगणे तर त्याहूनही क्वचित करावे. इथे श्रद्धा लपवलेली नाही. ती मुलाच्या नजरेआड येऊन उभी राहत नाही, इतकेच.

यावर श्रद्धाळू पालकाचा आक्षेप असा येईल, की इतके मौन पाळले तर मग घरातल्या शिक्षणात ख्रिस्ती असे काय उरले? त्याचे उत्तर बायबलमध्येच आहे. 'ईयोब'च्या शेवटच्या अध्यायांत, दुःखाने पोळलेल्या माणसापुढे देव प्रकट होतो तो तात्पर्य घेऊन नव्हे, तर प्रश्न घेऊन. जिथे मनुष्यवस्ती नाही अशा रानावरही पाऊस पडतो तो का. रानबकऱ्या, शहामृग, ससाणा यांच्या जगण्यातले तुला काय कळते? माणसाच्या उपयोगाला न येणाऱ्या, त्याला न जुमानणाऱ्या जिवांची ही रांगच आहे. ईयोबाला आपल्या यातनांचे कारण शेवटपर्यंत कळत नाही. पण आपण जगाच्या केंद्रस्थानी नाही हे कळते. ख्रिस्ती दृष्टीने निसर्ग शिकवणे याचा मला उमगलेला अर्थ हा आहे. सृष्टी माझ्यासाठी दिलेला धडा नाही, ती माझ्याआधीपासून कुणाला तरी प्रिय आहे, हे मुलाला जाणवणे. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकातही प्रत्येक जिवाला, तो उपयोगी असो वा नसो, देवापाशी स्वतःचे मोल असल्याचे आग्रहाने मांडले आहे.

ही जाणीव नुसती भाविकतेची बाब नाही. गॉस यांची पुस्तके वाचून हौशी संग्राहकांच्या झुंडी डेव्हनच्या किनाऱ्यावर लोटल्या आणि त्यांनी ती डबकी ओरबाडून रिकामी केली. या विध्वंसाला आपलीच पुस्तके कारण झाली याची खंत वडिलांना लागून राहिली, असे मुलाने लिहून ठेवले आहे. कुतूहल चाळवले गेले होते. हात आवरायला मात्र कुणी शिकवले नव्हते.

मराठीत हा प्रश्न परका नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि मराठी वाचकाने त्यांना ओळखले ते 'फुलामुलांचे कवी' म्हणून. त्यांच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, घरी त्र्यंबक बापूजी ठोमरे काही काळ राहिले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त त्यांचा वावर जिव्हाळ्याने आला आहे. परंतु बालकवींच्या निसर्गकवितेत ख्रिस्ती सिद्धान्त शोधू गेल्यास हाती फारसे काही लागणार नाही. टिळकांच्या घराने त्यांना मते दिली नसतील. आपल्या नजरेने पाहण्याची मोकळीक तेवढी दिली असेल. कवीला ती पुरते.

आणि आपण? 'या कवितेतून कवीला काय सांगायचे आहे?' हा प्रश्न मी वर्गात कित्येकदा कवितेचे दुसरे वाचन होण्याआधीच विचारला आहे. गॉस यांच्या कडवेपणाला हसण्याचा अधिकार त्यामुळे मला नाही. त्यांचे शास्त्रवचन वेगळे, माझी उत्तरपत्रिका वेगळी, घाई तीच. डबक्यावर ओणव्या झालेल्या मुलाशेजारी आपणही ओणवे व्हावे, आणि पहिला शब्द त्याला बोलू द्यावा, एवढे जरी घरातल्या आईबापांना आणि वर्गातल्या आम्हा शिक्षकांना साधले, तरी पुष्कळ झाले.