एनबीए ड्राफ्टचे पूर्वानुमान

एनबीए ड्राफ्टचे पूर्वानुमान म्हणजे अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) या व्यावसायिक संघटनेचे संघ दरवर्षीच्या निवडप्रक्रियेत कोणत्या तरुण खेळाडूला कोणत्या क्रमाने निवडतील, याविषयी आधी बांधलेला अंदाज होय. अशा अंदाजांची क्रमवार यादी ‘मॉक ड्राफ्ट’ या नावाने ओळखली जाते. वृत्तपत्रे, क्रीडा वाहिन्या, स्वतंत्र विश्लेषक आणि सट्टेबाजीच्या कंपन्या असे अंदाज प्रसिद्ध करतात. संघांची कार्यालयेही अंतर्गत वापरासाठी ते तयार करतात.

या विषयात दोन प्रश्नांची गल्लत नेहमी होते. संघ कोणाला निवडतील, हा पहिला प्रश्न. निवडलेला खेळाडू पुढे कसा खेळेल, हा दुसरा. मॉक ड्राफ्ट पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, वाचक मात्र बहुधा ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मानतो. पहिल्या प्रश्नाची शहानिशा एका-दोन रात्रींत होते, तर दुसऱ्याची व्हायला काही वर्षे लागतात.

पार्श्वभूमी

ड्राफ्टची प्रथा १९४७ साली, संघटना बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका या नावाने ओळखली जात असताना सुरू झाली. नव्या खेळाडूंसाठी संघांनी एकमेकांवर बोली लावू नये आणि दुबळ्या संघांना चांगले खेळाडू मिळून स्पर्धा समतोल राहावी, हे तिचे उद्देश होते. त्यामुळे मागील हंगामात खराब कामगिरी केलेल्या संघांना निवडीत अग्रक्रम मिळतो. १९८९ पासून ड्राफ्ट दोन फेऱ्यांचा असून तीस संघांच्या मिळून साधारणपणे साठ निवडी होतात. नियमभंगाबद्दल एखाद्या संघाची निवड रद्द झाल्यास ही संख्या घटते.

तळाच्या संघाला अग्रक्रम दिल्यामुळे मुद्दाम हरण्याचा मोह निर्माण झाला. त्यावर उपाय म्हणून १९८५ मध्ये सोडत सुरू करण्यात आली. पहिल्या सोडतीत न्यूयॉर्क निक्सला पहिला क्रमांक मिळाला व त्यांनी पॅट्रिक युइंगची निवड केली. पुढे सोडतीला कामगिरीनुसार भार देण्यात आला. सध्या बाद फेरीत न पोहोचलेले चौदा संघ सोडतीत भाग घेतात आणि तिच्यातून पहिले चार क्रमांक ठरतात. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता प्रत्येकी १४ टक्के आहे. त्यापूर्वी सर्वांत शेवटच्या संघाची शक्यता २५ टक्के होती.

सोडतीच्या निकालापर्यंत कोणता संघ कितव्या क्रमांकावर निवड करणार हेच निश्चित नसते. २०२४ मध्ये केवळ ३ टक्के शक्यता असलेल्या अटलांटा हॉक्सला आणि २०२५ मध्ये १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलस मॅव्हरिक्सला पहिला क्रमांक मिळाला. त्या वर्षी सर्वांत कमी सामने जिंकलेला युटा जॅझ पाचव्या क्रमांकावर घसरला. कूपर फ्लॅग पहिला निवडला जाईल, असे २०२५ च्या जवळजवळ प्रत्येक मॉक ड्राफ्टमध्ये होते आणि ते खरेही ठरले. परंतु तो डॅलसकडे जाईल असे सोडतीपूर्वी कोणी गृहीत धरले नव्हते.

माहितीची साधने

अंदाज बांधताना मुख्यतः चार प्रकारची माहिती वापरली जाते.

पहिली, प्रत्यक्ष खेळाची. खेळाडू हेरणारे स्काउट शालेय, महाविद्यालयीन व परदेशी स्पर्धांचे सामने पाहून अहवाल देतात. अमेरिकी महाविद्यालयाचा हंगाम लहान असतो. एका खेळाडूच्या वाट्याला सुमारे तीस ते चाळीस सामने येतात. शाळा सोडल्यावर एकच वर्ष महाविद्यालयात खेळून ड्राफ्टमध्ये उतरणाऱ्या खेळाडूचे मूल्यमापन एवढ्याशा आधारावर करावे लागते. २००६ च्या ड्राफ्टपासून खेळाडूने त्या वर्षात किमान १९ वर्षे पूर्ण करणे आणि अमेरिकी खेळाडूच्या बाबतीत त्याच्या वर्गाला शाळा सोडून एक वर्ष होणे आवश्यक आहे.

दुसरी, शारीरिक मोजमापांची. शिकागो येथे मे महिन्यात होणाऱ्या ‘ड्राफ्ट कम्बाइन’मध्ये बुटांशिवाय उंची, पसरलेल्या हातांचा पल्ला, उभ्याने हात वर करून गाठलेली उंची, उडी आणि चपळता यांची नोंद होते. खेळाशी या मोजमापांचा संबंध असला तरी तो सरळ नाही. २००७ मध्ये केव्हिन ड्युरंटला १८५ पौंडांचे, म्हणजे सुमारे ८४ किलोंचे वजन एकदाही उचलता आले नव्हते. त्या ड्राफ्टमध्ये तो ग्रेग ओडेनच्या मागे दुसरा निवडला गेला आणि २०१४ मध्ये स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गुडघ्याच्या दुखापतींमुळे ओडेनची कारकीर्द मात्र अल्पजीवी ठरली.

तिसरी, वैद्यकीय तपासण्या, मुलाखती आणि खासगी सराव यांतून मिळणारी. यांतील बराच भाग बाहेर येत नाही. कोणत्या संघासमोर सराव करायचा आणि कोणाला वैद्यकीय अहवाल दाखवायचा, हे अनेकदा खेळाडूचा एजंट ठरवतो. नको असलेल्या संघाला माहिती नाकारून आपल्या खेळाडूला हव्या त्या शहराकडे वळवण्याचा प्रयत्न तो करू शकतो. २०२४ पासून निमंत्रित खेळाडूंना कम्बाइनमधील सहभाग सक्तीचा करण्यामागे हीच पार्श्वभूमी होती.

चौथी, संघ, एजंट आणि पत्रकार यांच्यातील कुजबुजीची. मॉक ड्राफ्टची अचूकता बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून असते. पण ती देणाऱ्या प्रत्येकाचा तीत काही ना काही स्वार्थ असतो. एजंटला आपला खेळाडू वरच्या क्रमांकावर दाखवायचा असतो, तर संघाला आपली खरी पसंती दडवायची असते.

संख्याशास्त्रीय प्रारूपे

स्काउटच्या नजरेला पूरक म्हणून आकडेवारीवर आधारलेली प्रारूपे वापरली जातात. त्यांतील सर्वांत साधे गमक वयाचे आहे. अठराव्या वर्षी केलेली कामगिरी बाविसाव्या वर्षी केलेल्या तशाच कामगिरीपेक्षा अधिक आशादायक मानली जाते, कारण मोठा खेळाडू अनेकदा आपल्याहून कमी वयाच्या मुलांविरुद्ध खेळत असतो. दुसरे गमक फ्री थ्रोचे. महाविद्यालयात तीन गुणांच्या रेषेबाहेरून केलेले प्रयत्न संख्येने थोडे असल्याने त्यांची टक्केवारी फसवी ठरू शकते. फ्री थ्रो ठरावीक अंतरावरून आणि कोणी अडवत नसताना टाकला जात असल्यामुळे नेमबाजीच्या मूळ कौशल्याचा तो अधिक स्थिर पुरावा समजला जातो. यांशिवाय खेळाडू ज्या स्पर्धेत खेळतो तिचा दर्जा लक्षात घेऊन आकडे कमीजास्त करावे लागतात. ग्रीसच्या दुय्यम साखळीतील दहा गुण आणि स्पेनच्या पहिल्या साखळीतील दहा गुण सारखे नसतात.

प्रारूप योग्य असूनही निर्णय चुकू शकतो. २००७ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांच्या प्रारूपाने स्पेनचा मार्क गसोल याला चांगले गुण दिले होते. मात्र त्याचे उघड्या अंगाचे छायाचित्र पाहून संघातील लोकांनी त्याची टर उडवली आणि ह्यूस्टनने त्याला निवडले नाही. त्याला ४८व्या क्रमांकावर लॉस एंजेलिस लेकर्सने निवडले आणि पुढे मेम्फिसकडून खेळताना तो २०१३ मध्ये सर्वोत्तम बचावपटू ठरला. मायकेल लुईस यांच्या २०१६ साली प्रकाशित ‘द अनडूइंग प्रोजेक्ट’ या पुस्तकात ही हकिकत आली आहे.

चुकलेले अंदाज

क्रमाविषयीच्या अंदाजाला धक्का देणारी ठळक घटना २०१३ ची. नर्लेन्स नोएल पहिला निवडला जाईल असा अनेकांचा कयास होता. क्लीव्हलँडने अँथनी बेनेटला निवडले आणि नोएल सहाव्या क्रमांकापर्यंत खाली आला. बेनेटची एनबीए कारकीर्द चार हंगामांतच आटोपली. त्याच ड्राफ्टमध्ये ग्रीसच्या दुय्यम साखळीत खेळणाऱ्या यानिस आंटेटोकुनम्पोला मिल्वॉकीने पंधराव्या क्रमांकावर घेतले. २०१९ व २०२० मध्ये तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू झाला. २०२५ मध्ये अनेक अंदाजांत दुसऱ्या फेरीत दाखवलेला चीनचा यांग हानसेन सोळाव्या क्रमांकावर निवडला जाऊन पोर्टलँडकडे गेला.

कारकिर्दीविषयीचा अंदाज किती चुकू शकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण सर्बियाचा निकोला योकिच हे आहे. २०१४ मध्ये डेन्व्हरने त्याला ४१व्या क्रमांकावर निवडले, तेव्हा दूरचित्रवाणीवर जाहिरात चालू होती. २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. येथे मॉक ड्राफ्टपेक्षा मोठी चूक संघांची होती, कारण तोवर अनेक संघांनी त्याला डावलले होते.

अशा चुकांमागे नेहमी अज्ञानच असते असे नाही. १९८४ मध्ये पोर्टलँडने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवीला निवडल्यामुळे मायकेल जॉर्डन तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मिळाला. पोर्टलँडकडे जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आधीपासून होता आणि त्यांना उंच सेंटर हवा होता. तेथे संघाची तात्कालिक गरज गुणवत्तेवर भारी पडली.

सट्टेबाजी आणि बातम्या

मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा सट्टेबाजीवरील संघराज्यीय निर्बंध रद्द केल्यानंतर अनेक राज्यांत ड्राफ्टच्या क्रमावरही कायदेशीर पैज लावता येऊ लागली. सामन्याचा निकाल खेळून ठरतो. ड्राफ्टचा निकाल मात्र काही व्यक्तींना आधीच ठाऊक असतो. त्यामुळे येथे माहितीलाच बाजारभाव येतो.

२०२२ मध्ये जबारी स्मिथ पहिला निवडला जाईल, असे बहुतेक अंदाज होते. अखेरच्या काही तासांत सट्टेबाजारातील भाव उलटसुलट झाले आणि प्रत्यक्षात ओरलँडोने पाओलो बँकेरोला निवडले. स्मिथ तिसरा राहिला. २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकासाठी स्कूट हेंडरसनचे पारडे जड होत असल्याची बातमी एका आघाडीच्या वार्ताहराने देताच भाव झपाट्याने बदलले. शार्लटने मात्र ब्रँडन मिलरला घेतले. त्या वार्ताहराचा एका सट्टेबाजी कंपनीशीही करार असल्याने पत्रकारितेतील हितसंबंधांवर टीका झाली.

खेळाडूंवरील परिणाम

पहिल्या फेरीतील खेळाडूंचे वेतन क्रमांकानुसार ठरलेल्या श्रेणीत मिळते आणि त्यांच्या कराराची पहिली दोन वर्षे हमीची असतात. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूचे वेतन तिसाव्या क्रमांकाच्या सुमारे पाचपट असते. दुसऱ्या फेरीत अशी हमी आपोआप मिळत नाही. म्हणजे तिसावा आणि एकतिसावा यांच्यात गुणांचा फरक नगण्य असला तरी कराराच्या स्वरूपाचा फरक मोठा असतो.

महाविद्यालयीन खेळाडूला शिक्षणाची उरलेली वर्षे सोडून ड्राफ्टमध्ये उतरायचे की नाही, हे अशा अंदाजांच्या आधारे ठरवावे लागते. त्यासाठी एनबीएची एक सल्लागार समिती त्याला संभाव्य क्रमांकाविषयी गोपनीय मत कळवते. ठरावीक मुदतीपर्यंत नाव मागे घेता येते. त्यानंतर मात्र चुकीच्या अंदाजाची किंमत खेळाडूच मोजतो. जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःचे नाव व प्रतिमा यांच्या व्यावसायिक वापराचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली आणि हे गणित बदलले. २०२१ मध्ये मुदतपूर्व नाव नोंदवणारे साडेतीनशेच्या वर होते. २०२५ मध्ये ते शंभराच्या आसपास आले.

निवडीनंतरही क्रमांक खेळाडूचा पिच्छा सोडत नाही. बॅरी स्टॉ आणि हा ह्वांग यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मैदानावरील कामगिरी जमेस धरूनही वरच्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूंना संघ अधिक वेळ खेळवतात आणि अधिक काळ जवळ ठेवतात, असे आढळले. खर्ची पडलेली किंमत वाया गेली हे मान्य करणे संघांना जड जाते, असा त्याचा अर्थ लावला गेला. ड्राफ्टचा अंदाज ‘खरा ठरला’ असे म्हणताना ही बाब ध्यानात घ्यावी लागते, कारण संधीच क्रमांकानुसार वाटली गेलेली असते.

भारतीय संदर्भ

पंजाबमधील बल्लो के गावचा सतनाम सिंग भामरा २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सकडून ५२व्या क्रमांकावर निवडला गेला. ड्राफ्टमध्ये निवडलेला तो पहिला भारतीय खेळाडू होय. सात फुटांहून अधिक उंची ही त्याची जमेची बाजू होती. एनबीएचा एकही सामना मात्र त्याला खेळता आला नाही. याउलट कॅनडातील पंजाबी कुटुंबात जन्मलेल्या सिम भुल्लरला २०१४ च्या ड्राफ्टमध्ये कोणीही निवडले नव्हते, तरीही एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जकडून खेळून तो एनबीएत उतरलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला.

भारतीय वाचकांच्या परिचयाचा आयपीएलचा लिलाव यापेक्षा वेगळा आहे. तेथे खेळाडूची किंमत बोलीने ठरते आणि एकाच खेळाडूसाठी अनेक संघ झगडू शकतात. तथापि २००८ मध्ये १९ वर्षांखालील खेळाडूंची वाटणी ड्राफ्टनेच झाली होती. त्यात पहिली संधी मिळालेल्या दिल्लीने विराट कोहलीऐवजी गोलंदाज प्रदीप सांगवानला घेतले आणि कोहली बंगळूरकडे गेला.

मूल्यमापन

मॉक ड्राफ्टची अचूकता किती जण पहिल्या फेरीत बरोबर ओळखले, किती जणांचा नेमका क्रमांक जुळला आणि किती जणांचा संघ जुळला, अशा कसोट्यांवर तपासली जाते. पहिली कसोटी सोपी, शेवटची सर्वांत अवघड. ऐन ड्राफ्टच्या रात्री संघ निवडींची अदलाबदल करतात, त्यामुळे एक अंदाज चुकला की पुढचे अनेक कोसळतात. १९९६ मध्ये तेराव्या क्रमांकावर शार्लटने निवडलेला कोबी ब्रायंट अशाच व्यवहारातून लेकर्सकडे गेला होता.

या कसोट्यांपैकी एकही खेळाडूची गुणवत्ता मोजत नाही. ४१व्या क्रमांकावर योकिचचे नाव लिहिणारा मॉक ड्राफ्ट अचूक ठरला असता, आणि पहिल्या क्रमांकावर लिहिणारा साफ चुकीचा; गुणवत्तेच्या निकषावर मात्र दुसराच सत्याच्या जवळ होता.