बोटावरची शाई

मंडळी, 2022च्या नगर परिषद निवडणुकीत आईला घेऊन राऊच्या मतदान केंद्रावर गेलो. तिचं नाव यादीत होतं, माझं नव्हतं! घर बदललं, वॉर्ड बदलला, पण मी नाव हलवलंच नव्हतं. त्या वर्षी इंदूरकरांनी महापौर थेट निवडला; आमचा अध्यक्ष मात्र पार्षदांनी निवडला. म्हणजे आमच्या हाती पार्षदापुरतं एकच मत, तेही मी घालवलं. पुढे गल्लीबद्दल कुरकुर केली, की आई नुसती माझ्या बोटाकडे बघायची.

मुलांनो, पाच वर्षांची मुदत 2027मध्ये संपते. प्रारूप यादी लागली की आपलं नाव शोधा, अठरा पूर्ण झालेल्या भावंडांचंही. सुट्टी आहे म्हणून पातालपाणीला जरूर जा, पण मत देऊन!