समजून घ्या : पुण्यात बनलेला ‘राजी’ गेम आधी जपानी कन्सोलवर का आला?

सोनाळ्यात काय किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात काय, ‘पोरगा दिवसभर गेममध्ये असतो’ म्हटलं की घरच्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. गेम म्हणजे वेळ घालवणं, नाहीतर रमीत पैसे घालवणं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्राने २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली, ते बरंच झालं. पण ‘गेम’ या शब्दात आणखी एक धंदा आहे, गेम बनवण्याचा. त्यात काय सोसावं लागतं, हे पुण्याच्या एका छोट्या स्टुडिओकडे पाहून कळतं.

अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी २०१७ मध्ये ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ सुरू केला. त्यांचा पहिला गेम ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवलेला धाकटा भाऊ गोलू, त्याला शोधायला ती निघते. दुर्गा आणि विष्णू ही गोष्ट सांगतात. चित्रांवर पहाडी लघुचित्रांची छाप आहे, मधले कथेचे प्रसंग छायाबाहुल्यांतून उलगडतात.

अडचण कलेची नव्हती, पैशांची होती. गेम विकून पहिला रुपया यायच्या आधी काही वर्षं प्रोग्रामर, चित्रकार, अ‍ॅनिमेटर यांचे पगार भागवावे लागतात. २०१७ च्या अखेरीस ‘किकस्टार्टर’वर १ लाख २० हजार पौंडांसाठी लोकवर्गणीची हाक दिली, ती फसली. मॉड यांनी स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. पुढे परदेशी प्रकाशक मिळाला आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी ‘राजी’ सर्वात आधी निन्टेन्डो स्विचवर आला.

निन्टेन्डो ही क्योटोची कंपनी. १८८९ मध्ये ती सुरू झाली तीच पत्ते बनवण्यासाठी! गंमत म्हणजे ‘राजी’ आला तेव्हा स्विच भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता. म्हणजे पुण्यात बनलेला, दुर्गेचं त्रिशूळ हाती घेतलेल्या मुलीचा गेम परदेशातल्या मुलांनी आधी खेळला. पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर तो ऑक्टोबरमध्ये आला, मोबाइलवर त्याहून उशिरा, नेटफ्लिक्सच्या मार्फत. जगभर मानाच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये त्याला पदार्पणातील सर्वोत्तम इंडी गेमचं नामांकनही मिळालं.

राज्य सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन-गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. त्याची परीक्षा मुंबई-पुण्यात किती पार्क उभे राहिले यावर घेऊ नये. चार-पाच जणांच्या टीमला पहिला नमुना गेम बनवण्यापुरते पैसे, फ्लॅट न विकता, मिळतात का, हे विचारलं पाहिजे.

सोनाळ्यासारख्या गावांचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. ‘राजी’ ज्या अनरिअल इंजिनवर बनला, ते शिकण्यासाठी फुकट डाउनलोड होतं. मात्र ते मोबाइलवर चालत नाही, त्याला दमदार कॉम्प्युटर लागतो. गावात फोन घरोघरी आहेत. तालुक्यातल्या एखाद्या शाळेत असे चार कॉम्प्युटर संध्याकाळी मुलांसाठी खुले ठेवायला किती खर्च येईल, याचा हिशेब धोरण राबवणाऱ्यांनी मांडायला हरकत नाही.