'उद्यापासून नक्की!' : माणसं व्यायाम सुरू करतात ती नेमकी कशामुळे?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शहरातल्या कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी सात वाजता डोकावून बघा. ट्रेडमिलसाठी नंबर लागलेले असतात, बूट कोरे असतात आणि आरशासमोर सेल्फी सुरू असतात. तीच जिम महाशिवरात्रीच्या सुमारास पाहिली, तर ट्रेडमिल रिकामे आणि ट्रेनर मोबाइलमध्ये. यावरचे मीम्स दरवर्षी फिरतात आणि दरवर्षी तेवढेच लाइक्स मिळवतात.

पण या विनोदामागचा आकडा हसण्यासारखा नाही. 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात जून २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, २०२२ साली भारतातले जवळपास ५० टक्के प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. २००० साली हे प्रमाण सुमारे २२ टक्के होतं. 'पुरेशी' म्हणजे फार काही नाही. आठवड्याला १५० मिनिटं भराभर चालणं, किंवा ७५ मिनिटं धावण्यासारखा जोरकस व्यायाम, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे.

मग प्रश्न असा की, उरलेले लोक व्यायामाला लागले ते कशामुळे? आणि जे लागले, त्यातले बरेच जण थांबतात का?

सोमवार, एक तारीख, पाडवा

सुरुवात करायला माणसाला तारीख लागते. हेंगचेन दाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ मध्ये 'फ्रेश स्टार्ट इफेक्ट' नावाने हे मांडलं. आठवड्याची सुरुवात, महिन्याची सुरुवात, नवं वर्ष, वाढदिवसानंतरचे दिवस, अशा वेळी जिममधली हजेरी वाढते, असं त्यांना आकडेवारीत दिसलं. आधीचा आळशी 'मी' मागे राहिला आणि आता नवा 'मी' सुरू झाला, असं आपण स्वतःला पटवतो. आपल्याकडे तर यासाठी सोयच सोय आहे. एक जानेवारी हुकली तर गुढीपाडवा आहे, तो हुकला तर दसरा आहे आणि दिवाळीचा फराळ झाल्यावर तर सगळ्यांनाच जाग येते.

अडचण अशी की, तारीख फक्त दारापर्यंत नेते. अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबच्या सदस्यांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. महिन्याला ७० डॉलरपेक्षा जास्त फी भरणारे सदस्य महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. म्हणजे एका फेरीचे १७ डॉलरहून अधिक पडत होते. तिथेच १० भेटींचा पास घेतला असता तर एका भेटीला १० डॉलर पुरले असते. 'वर्षाची फी एकदम भरली की जावंच लागेल' हा हिशेब आपल्याकडेही बरेच जण मांडतात. जिमवाल्यांनाही तो माहीत असतो.

भीती लवकर ओसरते

दुसरं मोठं कारण रिपोर्टच्या कागदावर छापून येतं. आयसीएमआरच्या सहकार्याने झालेल्या २०२३ च्या अभ्यासानुसार, देशात अंदाजे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. 'शुगर बॉर्डरवर आहे, चालायला लागा' हे वाक्य आता जवळपास प्रत्येक घरात कुणी ना कुणी ऐकलेलं असतं. सकाळी टेकडीवर, तळ्याकाठी किंवा सोसायटीच्या आवारात स्वेटर घालून फिरणाऱ्या काका-काकूंमध्ये स्वतःहून आलेले किती आणि डॉक्टरांनी पाठवलेले किती, हे विचारून पाहावं.

पण भीती दोन्ही बाजूंनी काम करते. ऑक्टोबर २०२१ मध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचं ४६ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने निधन झालं, तेव्हा बंगळुरूमध्ये हृदयाची तपासणी करून घेण्यासाठी लोकांची गर्दी उसळली. त्याच सुमारास 'इतका फिट माणूस गेला, मग जिमचा उपयोग काय?' असे मेसेजही फिरले. २०२२ मध्ये विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव ट्रेडमिलवर कोसळले, तेव्हा पुन्हा तेच. एकच बातमी एकाला व्यायामाकडे ढकलते आणि दुसऱ्याला न करण्याचं कारण पुरवते. आणि पुढचा रिपोर्ट नॉर्मल आला की पहिलाही गळतो.

वर्दीसाठी धावणारी मुलं

महाराष्ट्रात मात्र व्यायाम करणाऱ्यांचा एक प्रचंड मोठा गट आहे, जो फिटनेसच्या चर्चेत जवळपास कधीच दिसत नाही. पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर जा. मोबाइलचा टॉर्च लावून धावणारी मुलं-मुली दिसतील. त्यांना सिक्स पॅक नको आहेत. त्यांना पोलीस व्हायचं आहे.

पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांसाठी १६०० मीटर, मुलींसाठी ८०० मीटर, दोघांसाठी १०० मीटर आणि गोळाफेक. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले की २० पैकी २० गुण. त्यानंतर दर काही सेकंदांना गुण कापले जातात. मैदानात निम्मे गुण मिळाले नाहीत तर लेखी परीक्षेचा विचारच नाही, आणि मिळाले तरी एका जागेमागे दहाच जण लेखीला बोलावले जातात. २०२४ च्या भरतीत १७ हजारांहून अधिक पदांसाठी १७ लाखांवर अर्ज आले होते. एका जागेसाठी साधारण शंभर.

म्हणजे राज्यातली लाखो तरुण मुलं वर्षानुवर्षं रोज पळतात, गोळा फेकतात, जोर काढतात, आणि तेही कुठल्या इन्फ्लुएन्सरचा व्हिडिओ पाहून नाही. बाहेरून आलेलं कारण किती ताकदवान असू शकतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण सापडणं अवघड. शेती परवडत नाही, खासगी नोकरीत पगार तुटपुंजा, लग्नाच्या बाजारात सरकारी नोकरीला भाव. हे सगळं मिळून एका मुलाला पहाटे साडेचारला उठवतं. मुलींच्या बाबतीत तर भरती हे गावात ट्रॅकपँट घालून रस्त्यावर धावण्यासाठी घरच्यांनी मान्य केलेलं एक कारणही असतं. 'तब्येतीसाठी पळते' म्हटलं तर भुवया उंचावतात, 'भरतीचं करतेय' म्हटलं की वडील स्वतः स्टॉपवॉच घेऊन उभे राहतात.

या प्रेरणेची किंमतही आहे. २०१४ मध्ये मुंबईतल्या भरतीत धावताना उमेदवारांचे मृत्यू झाले, तेव्हा उन्हातली चाचणी आणि धावण्याच्या अंतरावर मोठा वाद झाला होता. २०२४ मध्येही भरतीदरम्यान मृत्यूची बातमी आलीच. सेकंदावर नोकरी अवलंबून असेल तर शरीर 'थांब' म्हणतंय हे ऐकायला कुणी तयार नसतं. आणि वयोमर्यादा ओलांडली की पळणंही बंद होतं. ज्या कारणासाठी व्यायाम सुरू झाला, ते कारणच संपलेलं असतं.

सुरू करण्याचं कारण आणि टिकवण्याचं कारण

नेमकं हेच २०१२ साली पेद्रो तेइशेइरा आणि सहकाऱ्यांनी ६६ अभ्यासांच्या आढाव्यात मांडलं. 'हे माझ्यासाठी महत्त्वाचं आहे' असं मनापासून पटलेलं असणं सुरुवातीला उपयोगी पडतं. पण दीर्घकाळ टिकतात ते त्या हालचालीतच मजा वाटणारे लोक. वजन, लग्नाचे फोटो, वर्दी, शुगर ही सगळी खरी कारणं आहेत, पण त्या प्रत्येकाला शेवट आहे. बॅडमिंटनला जाणाऱ्याला मात्र उद्याचा गेम बाकी असतो.

मजा बहुतेक वेळा माणसांमुळे येते. सिनान अरल आणि ख्रिस्तोस निकोलाइडिस यांनी सुमारे ११ लाख धावपटूंची पाच वर्षांची ॲपवरची माहिती तपासली. मित्र एखादा किलोमीटर जास्त धावला, तर आपणही त्या दिवशी साधारण ३०० मीटर जास्त धावतो, असं त्यात दिसलं. गंमत म्हणजे कमी धावणारे जास्त धावणाऱ्यांना ढकलतात, उलटं तितकंसं होत नाही. मागून येणारा गाठतोय ही धास्ती पुढच्याला पळवते. इन्स्टावर कोरलेल्या शरीराचे रील्स बघून मात्र 'आपल्याला हे जमणार नाही' असंही वाटू शकतं. त्यापेक्षा शेजारच्या ताईंचा पाच किलोमीटरचा स्क्रीनशॉट जास्त कामाचा. साताऱ्याची हिल मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली. ओळखीतले चार जण यवतेश्वरचा घाट चढून आले, की पाचव्यालाही बूट घ्यावेसे वाटतात.

इच्छा असून वेळ नसेल तर?

लॅन्सेटच्या त्याच अभ्यासात आणखी एक फरक दिसतो. पुरेशी हालचाल न करणाऱ्या पुरुषांचं प्रमाण सुमारे ४२ टक्के आहे, स्त्रियांचं ५७ टक्के. हा फरक आळसाने समजावता येत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया बिनपगारी घरकामात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. आठवड्याला १५० मिनिटं चाला, असा सल्ला देणाऱ्या पोस्टखाली 'मोटिव्हेशन हवं' अशी कमेंट सहज पडते. पण सकाळी सहाला डबा, साडेसातला शाळेची रिक्षा आणि नऊला लोकल असलेल्या बाईला प्रेरणा कमी पडत नसते, तिच्याकडे अर्धा तास नसतो. असलाच तर तो रात्री नऊला असतो, जेव्हा रस्त्यावर दिवे नसतात आणि बागेतल्या ओपन जिमला कुलूप लागलेलं असतं.

मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ६१ हजारांहून अधिक जिम सदस्यांवर ५४ वेगवेगळ्या युक्त्या चार आठवडे वापरून पाहिल्या. सगळ्यात जास्त उपयोगी ठरली ती अगदी साधी युक्ती. ठरलेला व्यायाम चुकल्यावर पुन्हा येणाऱ्याला छोटंसं जास्तीचं बक्षीस. रक्कम काही सेंट, म्हणजे आपल्याकडचे सात-आठ रुपये. चार आठवडे संपल्यावर मात्र बहुतेक युक्त्यांचा परिणाम विरून गेला. मोजता येईल इतका फरक टिकला तो फक्त ८ टक्के युक्त्यांचा.