आधी पाते, मग नाव

‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपण माणसांना लावतो. पण जुन्या वस्तूंच्या नादी लागलेल्याला ती पावलोपावली आठवते. दख्खनमध्ये सापडणाऱ्या तलवारींचेच बघा ना. इस्फहानच्या असदुल्ला या नामांकित कारागिराचे नाव कोरलेल्या तलवारी इतक्या वेगवेगळ्या काळातल्या मिळतात, की त्या एकट्याने करायच्या तर त्याला दोनशे वर्षांचे आयुष्य हवे! फिरंगी पात्यांवरच्या ‘आंद्रेया फेरारा’ या नावाचीही तीच गत. मात्र नावाच्या खरेखोटेपणाची पारख जिथे पिढ्यान्‌पिढ्या शास्त्र म्हणून जोपासली गेली, तो देश म्हणजे जपान.

जपानी तलवारीवरची सही पात्यावर मिरवत नाही. मुठीच्या आत शिरणारा जो भाग, ज्याला ते ‘नाकागो’ म्हणतात, त्यावर लोहार छिन्नीने आपले नाव कोरतो. बांबूची छोटी खुंटी काढून मूठ उतरवली, की ते दिसते. सहीला ‘मेइ’ म्हणतात आणि खोट्या सहीला ‘गिमेइ’. मोठ्या लोहाराचे नाव असले की किंमत वाढते, त्यामुळे हा उद्योगही तलवारींइतकाच जुना.

मग पारख करायची कशी? पहिला साक्षीदार म्हणजे गंज. नाकागोवर शतकानुशतके बसलेला गंज काळपट, घट्ट आणि एकसारखा असतो. अक्षरांच्या खाचांतही तोच गंज हवा. भोवतीचा भाग काळा आणि खाचेत मात्र ताजा तांबूसपणा, असे दिसले की समजावे, नाव मागाहून आले आहे. दुसरा साक्षीदार म्हणजे कानशीच्या रेघा. त्या कोणत्या दिशेने मारायच्या, ही घराण्याघराण्याची पद्धत. नाव एका घराण्याचे आणि रेघा दुसऱ्याच्या, तर काहीतरी काळेबेरे आहे.

तिसरी खूण जागेची. जुनी ‘ताची’ धार खाली करून कमरेला टांगत आणि नंतरची ‘कताना’ धार वर करून खोचत. सही बहुधा बाहेरच्या अंगाला येईल अशी करत, म्हणून दोन्हींत सहीची बाजू उलटी. पण नियमाला अपवाद असतोच. हिझेन प्रांतातले तादायोशी घराणे कतानावरही बहुधा ताचीसारखी सही करी. हे ठाऊक नसेल तर खऱ्यालाच खोटे ठरवायचे! शिवाय कित्येक लांब तलवारी पुढच्या काळात मुठीकडून कापून आखूड केल्या गेल्या, तेव्हा मूळ सही बहुतेकदा कापलेल्या तुकड्याबरोबर गेली. अशा पात्यावर ऐसपैस, अखंड सही दिसली तर आनंद होण्याआधी शंका यावी.

चौथी गोष्ट अक्षराची. सतराव्या शतकातला कोतेत्सु आधी चिलखते घडवायचा, मग तलवारींकडे वळला. त्याच्या नावात ‘वाघ’ हे अक्षर येते. ते लिहिण्याची त्याची तऱ्हा १६६४च्या सुमारास बदलली. म्हणजे सही आणि पाते एकाच काळातले आहेत का, हेही ताडून बघता येते. त्याच्या नकला एवढ्या झाल्या, की कोतेत्सु दिसली की ती खोटी समजावी, असे तिकडे म्हणतात. शिन्सेनगुमी या दलाचा प्रमुख कोन्दो इसामी याने १८६४मध्ये क्योतोच्या इकेदाया सरायीतल्या चकमकीनंतर पत्रात लिहिले, की आपली तलवार कोतेत्सु असल्यामुळेच बहुधा शाबूत राहिली. ती खरोखर कोतेत्सुची होती का, यावर आजही वाद आहे. पण चकमकीत ती टिकली, यावर वाद नाही.

मला या शास्त्रातली सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट इथेच आहे. तिकडचे जाणकार सही शेवटी बघतात. पारखीच्या स्पर्धांत तर नाकागो झाकूनच ठेवतात. पात्याचा बाक, पोलादाच्या घड्यांतून लाकडाच्या रेषांसारखा उमटलेला पोत, पाणी देताना धारेलगत आलेली दुधी नक्षी, एवढ्यावरून लोहाराचे नाव लिहून द्यायचे. चौदाव्या शतकातल्या मासामुनेची तर सही असलेली कामे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. बाकीची होनामी या पारखी घराण्याने आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी पाते वाचून त्याची ठरवली. पाते बोलले तर सही ही नुसती पावती. पाते गप्प असेल तर सही काय कामाची?

यातून एक अवघड पेच उभा राहतो. १९४८ साली स्थापन झालेली जपानी कला-तलवारींच्या जतनाची संस्था खोट्या सहीच्या तलवारीला प्रमाणपत्र देत नाही. मग पुष्कळ मालक ती सही घासून काढतात आणि बिनसहीची म्हणून तलवार पुन्हा तपासायला नेतात. कधी चांगल्या पात्यावर लादलेला खोटेपणा त्यामुळे दूर होतो. पण निवाडाच चुकला असेल तर? गेलेली सही परत येत नाही. खेरीज गुरूच्या संमतीने शिष्याने गुरूचे नाव कोरल्याचीही उदाहरणे आहेत. त्याला सरसकट लबाडी कसे म्हणणार? म्हणून शहाणा मालक कानस उचलण्याआधी चार जाणत्यांना विचारतो.

हे सारे आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. वाचकहो, आपला भाग मराठा पलटणीचा. १९४४च्या मार्चमध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांशी झुंजलेल्यांत मराठ्यांची चौथी बटालियन होती. १९४५मध्ये शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी खाली ठेवल्या, त्यांतल्या काही आठवण म्हणून हिंदुस्थानात आल्या. बऱ्याच कारखान्यातल्या असतात, पण काही अधिकाऱ्यांनी घरातले पिढीजात पातेच लष्करी मुठीत बसवून नेले होते. मध्यंतरी एका वाचकांनी विचारले, ‘आजोबांनी आणलेल्या तलवारीच्या मुठीतला गंज खंडेनवमीला घासून काढू का? म्हणजे नाव स्वच्छ वाचता येईल.’ मी त्यांना तातडीने कळवले, की बाबांनो, हात लावू नका!

शस्त्रे घासूनपुसून पूजेला मांडायची आपली रीत चांगली. पण या तलवारीच्या बाबतीत ती आवरावी. पात्याला मऊ कापडाने हलकेच तेलाचा हात पुरे. मुठीतल्या भागाला चिंच नको, रांगोळी नको, पॉलिश पेपर तर मुळीच नको. आडव्या उजेडात दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढावेत आणि ते जाणकाराला दाखवावेत. नाव खरे निघो वा खोटे, ते ठरवणारा साक्षीदार म्हणजे तो गंज. आणि त्याला आपल्याच हाताने पुसून टाकले, तर पुढच्या पिढीने विचारायचे कोणाला?